भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेताय? हिशेबापासून किल्ली परत घेईपर्यंत

भाड्याने देण्यासाठी घर घेऊ पाहणाऱ्याच्या डोक्यात साधारण एकच गणित असतं: भाडं येईल, त्यातून कर्जाचा हप्ता जाईल आणि वीस वर्षांनी घर आपलं होईल. हे गणित कधीकधी जमतंही. बहुतेकदा मात्र पहिल्याच वर्षात ते दोन-तीन ठिकाणी उसवतं, कारण खात्यात जमा झालेलं भाडं आणि वर्षाअखेर खरोखर हातात उरलेली रक्कम यांत बरंच अंतर असतं. नवख्यांचे जवळजवळ सगळे प्रश्न या अंतरातूनच येतात. ते ज्या क्रमाने समोर उभे राहतात त्याच क्रमाने इथे घेतले आहेत. कायदे देशागणिक, कधी शहरागणिक बदलतात. मधेमधे काही देशांची उदाहरणं येतील ती हा फरक किती मोठा असू शकतो ते कळावं म्हणून. तुमच्या घराला लागू होणारा नियम तुम्हालाच तपासावा लागेल.

१. दरमहा पैसे हवेत की पुढे किंमत वाढायला हवी?

दोन्ही हवं, असंच सगळे म्हणतात. अडचण अशी की ज्या भागात किमती वाढतील असं सर्वांना वाटतं तिथे लोक त्या वाढीचे पैसे आजच मोजत असतात. त्यामुळे किंमत फुगलेली असते आणि तिच्या मानाने भाडं तुटपुंजं पडतं. उलट जिथे भाडं किमतीच्या मानाने भरघोस मिळतं तिथे काहीतरी कारण असतं: किंमत वर्षानुवर्षं जागच्या जागी आहे, इमारत जुनी आहे किंवा भाडेकरू टिकत नाहीत.

पगार चालू असलेल्या माणसाला दरमहा थोडी पदरमोड करून वाढीची वाट पाहणं परवडू शकतं. निवृत्तीनंतर या भाड्यावर घर चालवायचं असेल तर परवडत नाही. म्हणून आपण कोणत्या गटात आहोत हे घरं बघायला बाहेर पडण्याआधी ठरवावं. शंका असेल तर भाड्याच्या बाजूला झुकावं असं माझं मत आहे. आजचं भाडं चार ठिकाणी विचारून तपासता येतं. दहा वर्षांनंतरची किंमत कुणालाच तपासता येत नाही.

२. हिशेब असा मांडा

एक उदाहरण घेऊ. घराची किंमत १०० धरू, म्हणजे पुढचे सगळे आकडे किमतीच्या टक्क्यांत आपोआप कळतील. महिन्याचं भाडं ०.५, म्हणजे वर्षाचं ६. घर विकणारे आणि दलाल 'सहा टक्के परतावा' म्हणतात तो हाच आकडा. याला ढोबळ परतावा म्हणतात आणि त्यावर कधीही निर्णय घेऊ नये.

आता वजाबाकी. भाडेकरू बदलतात, मधे घर रिकामं राहतं. वर्षाला सरासरी एक महिना धरला तर ०.५ गेले, उरले ५.५. देखभाल-दुरुस्तीसाठी वर्षाला किमतीच्या एक टक्का बाजूला काढणं हा सर्वत्र वापरला जाणारा अंदाज आहे. तो धरला तर १ गेला. मालमत्ता कर आणि विमा मिळून ०.५ धरू. इमारतीची सामाईक वर्गणी, भाडेकरू मिळवून देणाऱ्याची दलाली, कराराचा खर्च यांचे आणखी ०.५. आता उरले ३.५.

अजून संपलेलं नाही. घर १०० ला मिळालं, पण नोंदणी, शुल्क, वकील, दलाली आणि पहिल्या दुरुस्त्या यांत आणखी ८ गेले असं धरा. म्हणजे गुंतले १०८. ३.५ भागिले १०८ केलं की सव्वातीन टक्क्यांच्या आसपास निव्वळ परतावा मिळतो. सहाचे सव्वातीन झाले. यात कुठलंही संकट धरलेलं नाही, हे साधं, बरं गेलेलं वर्ष आहे.

अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांचे दोन ठोकताळे इंटरनेटवर वारंवार दिसतात. एक टक्क्याचा नियम म्हणतो की महिन्याचं भाडं किमतीच्या किमान एक टक्का हवं. पन्नास टक्क्यांचा नियम म्हणतो की कर्जाचा हप्ता वगळूनही भाड्यातला अर्धा भाग खर्चात जातो असं धरा. पहिला नियम जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत लावला तर एकही घर हाती लागणार नाही, म्हणून त्याच्या नादी लागू नका. दुसरा मात्र उपयोगाचा आहे. वरच्या उदाहरणात रिकामा महिना धरून ६ पैकी २.५ गेले. म्हणजे आपला अंदाज त्या मानाने अजून मवाळच आहे.

सगळ्यात जास्त फसवतो तो देखभालीचा आकडा. तीन वर्षं काहीच खर्च होत नाही, मालक खूश असतो. चौथ्या वर्षी छताचं वॉटरप्रूफिंग, पाण्याची पाइपलाइन किंवा लिफ्टची वर्गणी एकदम अंगावर येते. म्हणून जे वर्ष बिनखर्चाचं गेलं त्याचाही एक टक्का वेगळ्या खात्यात टाकायचा. ते पैसे खर्च झालेले नसले तरी आपले नाहीत, असंच समजून चालावं.

३. कर्ज किती घ्यावं?

त्याच घरासाठी ७० कर्ज घेतलं, ८ टक्के व्याजाने, २० वर्षांसाठी. वर्षाचे हप्ते साधारण ७.०३ होतात. घरातून निव्वळ येतात ३.५. उरलेले साडेतीन दरवर्षी तुमच्या खिशातून जाणार. पहिल्या वर्षी त्या हप्त्यातले जेमतेम दीड मुद्दलात जातात, बाकी सगळं व्याज.

'भाडेकरू माझं कर्ज फेडतोय' हे वाक्य इथे तपासून बघा. या उदाहरणात भाडेकरू अर्धं फेडतोय आणि अर्धं तुम्ही. निव्वळ भाड्यात पूर्ण हप्ता बसवायचा असेल तर कर्ज ३५ च्या आसपास ठेवावं लागतं, बाकी स्वतःचे पैसे. कर्ज घेतल्याने नफा वाढतो हे खरं, पण ते घराचा निव्वळ परतावा व्याजदरापेक्षा जास्त असेल तेव्हाच. सव्वातीन टक्के कमावणाऱ्या वस्तूसाठी आठ टक्क्यांनी पैसे उचलले तर कर्जाचा प्रत्येक वाढीव तुकडा तोटा वाढवतो आणि सगळी मदार किंमत वाढण्यावर येते. तशी मदार ठेवायला हरकत नाही, मात्र आपण ती ठेवतोय हे माहीत असावं.

व्याजदर बदलता असेल तर आणखी एक आकडेमोड करून ठेवा. वरच्याच कर्जावर दर ८ चा ९ झाला की वर्षाचे हप्ते ७.०३ वरून ७.५६ होतात. भाडं त्याच वर्षी त्याच प्रमाणात वाढेल याची खात्री नसते. काही बँका अशा वेळी हप्ता न वाढवता कर्जाची मुदत लांबवतात, त्यामुळे त्रास लगेच जाणवत नाही आणि वीस वर्षांचं कर्ज नकळत पुढे सरकत जातं.

हातात किती शिल्लक असावी, हाही नेहमीचा प्रश्न. घर घेतल्यावर किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि एक मोठी दुरुस्ती एवढी रोकड उरली पाहिजे. ती उरत नसेल तर घर तुमच्या ऐपतीपेक्षा मोठं आहे, बँकेने कर्ज मंजूर केलं असलं तरीही. बँक तिची वसुली कशी होईल ते बघते, तुमची झोप तिच्या हिशेबात नसते.

आणि हो, भाड्याचं उत्पन्न हवंय पण भाडेकरू, गळती, हप्ते यातलं काहीच नको असेल तर रीट नावाचा पर्याय आहे. अनेक गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून इमारती घेतल्या जातात आणि त्यांच्या भाड्यातला वाटा तुम्हाला मिळतो. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने रीट सुरू झाले. भारतातला पहिला रीट २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. घर विकायला महिने लागतात आणि अडचणीच्या वेळी एकच खोली विकून पैसे उभे करता येत नाहीत. रीटचे थोडे युनिट विकता येतात. मात्र त्यांचा भाव रोज वर-खाली होतो, ते पोटात मावणार असेल तरच.

४. घर शोधण्याआधी भाडेकरू शोधा

नवखा माणूस स्वतःला आवडेल असं घर घेतो. त्या घरात राहणार दुसराच कुणीतरी असतो. म्हणून आधी विचारायचं की या भागात भाड्याने कोण राहतं आणि का. विद्यार्थी, नोकरीसाठी आलेली एकटी माणसं, लहान मुलांची कुटुंबं, रुग्णालयातले कर्मचारी, प्रत्येकाला वेगळं घर लागतं. विद्यार्थ्यांच्या वस्तीत तीन मोठ्या खोल्यांचं देखणं घर महिनोन्‌महिने रिकामं पडून राहू शकतं.

भागात रोजगाराचा एकच मोठा स्रोत असेल, म्हणजे एकच कारखाना किंवा एकच कॉलेज, तर सावध राहा. तो हलला की सगळ्यांचे भाडेकरू एकाच महिन्यात जातात. चार वेगवेगळ्या प्रकारच्या नोकऱ्या जिथून गाठता येतात अशी साधी जागा मला जास्त भरवशाची वाटते.

नव्या मोठ्या प्रकल्पांत एक सापळा असतो. शेकडो घरांचा ताबा एकाच सुमारास मिळतो आणि त्यातली बरीच गुंतवणूकदारांनी घेतलेली असतात. मग सगळे एकाच वेळी, एकसारखीच घरं भाड्याने द्यायला काढतात. भाडेकरूसमोर पन्नास पर्याय असतात आणि तो भाव पाडून मागतो. अशा ठिकाणचं पहिल्या दोन-तीन वर्षांचं भाडं विक्री कार्यालयात सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. बांधकाम चालू असलेल्या घरात तर भाडं सुरू होण्याआधीच व्याज सुरू होतं, शिवाय ताबा लांबला तर तेवढे महिने दोन्हीकडून तोटा.

५. घर बघताना रंगाकडे बघू नका

ताजा रंग बघून उलट संशय यावा. तो ओल झाकायला लावलेला असू शकतो. घरात शत्रू नंबर एक पाणी: छतातून गळणारं, भिंतीत मुरणारं, नळातून न येणारं आणि मोरीतून न जाणारं. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवर हात फिरवा. सगळे नळ एकदम सोडून धार बघा, मग पाणी निचरायला किती वेळ लागतो ते बघा. जमलं तर एक फेरी भर पावसात मारा. वायरिंग कधीचं आहे, विजेचा भार किती मंजूर आहे, वर कुणाची टाकी किंवा बाग आहे का, हे विचारा. पैसे देऊन स्वतंत्र तपासनीस किंवा अनुभवी मिस्त्री नेणं फार महाग पडत नाही. त्याने काढलेली दोषांची यादी किंमत पाडून घ्यायलाही कामाला येते.

जुन्या घरांबाबत काही देशांत खास नियम आहेत. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेल्या घरात शिशाचा रंग असू शकतो, म्हणून तिथे त्याबद्दल माहीत असलेलं सगळं भाडेकरूला सांगणं मालकाला बंधनकारक आहे.

६. कागदपत्रं

मालकी निर्विवाद आहे का, घरावर कर्जाचा बोजा आहे का, बांधकाम परवानगीनुसार झालंय का, कर आणि वर्गणी थकलेली आहे का, हे वकिलाकडून बघून घ्यावं. एवढं बहुतेक जण करतात. विसरतात ते हे: त्या इमारतीत घर भाड्याने द्यायला काही अटी आहेत का? काही ठिकाणी परवानगी लागते, काही ठिकाणी मालक स्वतः राहत नसेल तर जादा शुल्क पडतं, कुठे अल्प मुदतीच्या भाड्याला सरळ बंदी असते.

घरात आधीच भाडेकरू असेल तर? काहींना ती सोय वाटते, पहिल्या दिवसापासून भाडं सुरू. पण जुना करार बहुतेकदा घरासोबत तुमच्या गळ्यात येतो. जर्मनीत तर घर विकलं गेलं तरी भाडेकरार मोडत नाही, नवा मालक जुन्याच्या जागी उभा राहतो, असं कायदाच सांगतो. म्हणून करार वाचा आणि भाडेकरूला स्वतः भेटा. अनामत किती दिली, भाडं खरंच किती देतो, तोंडी काय ठरलंय, हे विकणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टींशी ताडून पाहा. ती अनामत खरेदीच्या वेळी तुमच्याकडे वर्ग झाली पाहिजे. नाहीतर भाडेकरू जाताना ती तुम्हाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागेल.

७. भाडं किती सांगावं?

जाहिरातीतले आकडे म्हणजे मालकांच्या इच्छा. प्रत्यक्षात ज्या आकड्याला घर गेलं तो आकडा शोधा. इमारतीतल्या भाडेकरूंना, पहारेकऱ्याला, दोन-तीन दलालांना विचारलं की अंदाज येतो.

'थोडं थांबू, मागतोय तेवढं कुणीतरी देईल' हा मोह भल्याभल्यांना होतो. त्याची किंमत काढू. भाडं पाच टक्क्यांनी कमी केलं तर वर्षभरात ०.६ महिन्याचं, म्हणजे साधारण अठरा दिवसांचं भाडं जातं. पाच टक्के जास्त मिळवण्यासाठी घर अठरा दिवसांपेक्षा जास्त रिकामं ठेवलं की त्या वर्षी तुम्ही तोट्यात. त्या काळात वर्गणी, वीज, हप्ता चालूच असतो तो वेगळा. पहिल्या दोन आठवड्यांत बघायला बरेच जण आले आणि कुणीच पुढे सरकलं नाही, तर भाडं जास्त आहे किंवा घरात काहीतरी खटकतंय. बघायलाच कुणी येत नसेल तर जाहिरातीतले फोटो किंवा आकडा चुकलाय.

चांगला भाडेकरू असेल तर दरवर्षी थोडी वाढ करा आणि ती करारातच लिहा. पाच वर्षं काही न वाढवता सहाव्या वर्षी एकदम वाढ मागितली की चांगले भाडेकरू सोडून जातात.

८. भाडेकरू निवडणं

घर घेताना महिनोन्‌महिने शोधाशोध करणारा माणूस भाडेकरू मात्र पंधरा मिनिटांत पसंत करतो. 'माणूस चांगला वाटला.' चांगले वाटणारे सगळेच असतात. चुकीचा भाडेकरू आला तर सहा-आठ महिन्यांचं भाडं, वकिलाचा खर्च आणि घराची मोडतोड असं सगळं मिळून कित्येक वर्षांचा निव्वळ नफा जातो. वरच्या उदाहरणात वर्षाचे ३.५ उरत होते, तर सात महिन्यांचं बुडालेलं भाडंच ३.५ होतं.

जाहिरात देण्याआधीच आपले निकष कागदावर लिहा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच लावा. उत्पन्न भाड्याच्या निदान तिप्पट असावं, ही अमेरिकेत रूढ असलेली कसोटी बाकी ठिकाणीही ढोबळमानाने चालते. त्यासाठी पगाराची कागदपत्रं किंवा बँकेचा तपशील मागा आणि नोकरी आहे का ते कंपनीला विचारून खात्री करा. ओळखपत्र तपासा. तुमच्या भागात पोलिसांकडे नोंद करायची असेल तर ती चावी देण्याआधी करा.

आधीच्या घरमालकाशी बोला, पण शक्यतो सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या. त्रासदायक भाडेकरूपासून सुटका हवी असलेला सध्याचा मालक त्याचं तोंडभरून कौतुक करेल! जुन्या मालकाला आता काही घेणं-देणं नसतं. त्याला एकच प्रश्न पुरतो: तुमच्याकडे तो पुन्हा राहायला आला तर घर द्याल का? उत्तर यायला वेळ लागला तर समजून जा.

निकष पैशांचे आणि वर्तणुकीचे असावेत. माणूस कोणत्या धर्माचा, वंशाचा आहे यावरून नकार देणं अनेक देशांत बेकायदा आहे. अमेरिकेत १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा हेच सांगतो. १९७४ मध्ये त्यात लिंगाचा आणि १९८८ मध्ये अपंगत्व व लहान मुलं असण्याचाही समावेश झाला. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार म्हणून हा अडाणीपणा आहे. वेळेवर भाडं देणारी निम्मी माणसं तुम्ही दारातूनच परत पाठवता.

नातेवाइकांना किंवा जिवलग मित्राला द्यावं का? माझं उत्तर: नाही. भाडं थकलं की मागता येत नाही आणि मागितलं की नातं जातं. द्यायचंच ठरलं तर करार, अनामत, पावती सगळं परक्यासारखं करा.

९. करार आणि किल्ली

करार लेखी, तुमच्या भागात नोंदणी लागत असेल तर नोंदणी करून. भाडं कोणत्या तारखेला, कशा मार्गाने, उशीर झाल्यास काय. किती माणसं राहणार. किरकोळ दुरुस्ती कुणी करायची आणि 'किरकोळ' म्हणजे किती रकमेपर्यंत. पोटभाडेकरू ठेवता येईल का, पाळीव प्राणी चालतील का, सोडताना किती दिवसांची नोटीस. तोंडी ठरलेली प्रत्येक गोष्ट यात आली पाहिजे.

अनामत किती घ्यायची हे मनावर नसतं. जर्मनीत ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, भाडेकरूला ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे आणि मालकाने ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये २०१९ पासून बहुतेक घरांसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. भारतातल्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, मात्र तो राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो. नियम काहीही असो, अनामत खर्च करू नका. ती परत करायची आहे.

किल्ली देण्याच्या दिवशी भाडेकरूसोबत घरभर फिरून प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या, पंखे-गिझर-कपाटं यांची यादी करून दोघांनी सही करा. अर्ध्या तासाचं काम आहे. अनामतीवरून होणारी बहुतेक भांडणं या अर्ध्या तासात आधीच मिटतात. सोडताना मोजायचं ते नुकसान, वापराने होणारी झीज नव्हे. तीन वर्षांत भिंतीचा रंग उतरला, फरशीची चकाकी गेली, ही झीज, ती मालकाची. फुटलेला बेसिन, तोडलेलं दार, हे नुकसान. अनामतीतून घर फुकटात रंगवून घेणारे मालक पुष्कळ आहेत आणि त्यांचा बोभाटाही लवकर होतो.

१०. भाडेकरू राहायला आल्यावर

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कुलूपवाला यांचे नंबर आधीच जमवून ठेवा. पाणी, वीज, सांडपाणी, कुलूप यांच्या तक्रारीला त्याच दिवशी हात घाला. बाकीचं चार दिवस थांबलं तर चालतं, पण 'बघतो' म्हणून गप्प बसू नका, तारीख सांगा. छोट्या गळतीकडे केलेलं दुर्लक्ष शेवटी तुमच्याच भिंतीत मुरतं. आणि तक्रार केल्यावर मालक ओरडतो असं एकदा दिसलं की भाडेकरू पुढची गळती सांगतच नाही.

घर तुमचं असलं तरी त्यात हवं तेव्हा शिरता येत नाही. इंग्लंडमध्ये पाहणीसाठी चोवीस तास आधी लेखी कळवावं लागतं, भारताच्या आदर्श भाडेकरू कायद्यातही चोवीस तासांचीच अट आहे. कायदा नसला तरी कळवून जावं.

भाडं थकलं की काय करायचं? ठरल्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी साध्या आवाजात फोन. आठवड्यात लेखी संदेश, किती बाकी आहे आणि कधीपर्यंत हवं ते स्पष्ट लिहून. खरीच अडचण असेल तर हप्त्यांत द्यायचं ठरवा, तेही लिहून. त्यानंतर कायद्यातली नोटीस. सगळ्यांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे संकोचाने दोन-तीन महिने काहीच न बोलणं, कारण तोवर बाकी इतकी झालेली असते की ती एकदम भरणं कुणालाच शक्य नसतं. दुसरं टोकही टाळा. पाणी-वीज तोडणं, बाहेरून कुलूप लावणं, सामान काढून टाकणं हे बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे आणि ज्या खटल्यात तुमची बाजू पक्की होती तो यामुळे हातचा जातो.

व्यवस्थापन स्वतः करावं की एजन्सीला द्यावं? अमेरिकेत एजन्सी साधारण भाड्याच्या ८ ते १२ टक्के घेतात, इतरत्र दर वेगळे. घर जवळ असेल तर पहिला भाडेकरू येऊन जाईपर्यंत स्वतः सांभाळा. काय काम असतं हे माहीत असलं की पुढे एजन्सीने खरंच केलंय की नुसतं बिल लावलंय, ते ओळखता येतं. घर दूर असेल तर एजन्सीचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

११. कर आणि बदलणारे नियम

एकाच घराचा कर तीन देशांत तीन प्रकारे निघतो. अमेरिकेत इमारतीची किंमत २७.५ वर्षांत विभागून दरवर्षी घसारा, म्हणजे वापराने झालेली घट, म्हणून उत्पन्नातून वजा करता येते. भारतात पालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग तुमचा दुरुस्तीचा खर्च कमी असो वा जास्त. ब्रिटनमध्ये वैयक्तिक मालकांना २०२० पासून कर्जाचं व्याज उत्पन्नातून पूर्ण वजा करता येत नाही, फक्त २० टक्क्यांच्या दराने करात सवलत मिळते. ज्यांनी भरपूर कर्ज काढून घरं घेतली होती त्यांचं तिथलं गणित या एका बदलाने बिघडलं. म्हणून खरेदीआधी करसल्लागाराशी एक तास बोलून घ्या आणि पावत्या पहिल्या दिवसापासून जपा.

नियम मधेच बदलू शकतात. बर्लिनमध्ये २०२० मध्ये भाडी गोठवली गेली, २०२१ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि कित्येक भाडेकरूंना मधल्या काळातला फरक भरावा लागला. पर्यटकांना दिवसावर घर देऊन जास्त कमाई करायचा बेत असेल तर न्यूयॉर्ककडे बघा. सप्टेंबर २०२३ पासून तिथे तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी करावी लागते आणि यजमानाला स्वतः तिथेच राहावं लागतं. दिवसाच्या भाड्यावर हिशेब बसत असेल पण महिन्याच्या भाड्यावर कोसळत असेल, तर ते घर मी घेणार नाही.

१२. दुसरं घर कधी?

पहिला भाडेकरू येऊन, राहून, निघून जाईपर्यंत थांबा. रंगरंगोटी, रिकामे दिवस, दलाली, अनामतीचा हिशेब हे सगळं तेव्हाच समोर येतं. नुसत्या चालू भाड्याच्या वर्षावरून काही कळत नाही. मग सुरुवातीला मांडलेला कागद काढा आणि प्रत्येक अंदाजापुढे खरा आकडा लिहा: रिकामे दिवस, दुरुस्ती, वर्गणी, कर. जिथे सर्वात जास्त फरक पडला असेल तो आकडा दुसऱ्या घराच्या हिशेबात तुमच्या अनुभवाचा घाला, इंटरनेटवरचा नको. त्या नव्या हिशेबातही हप्ता बसत असेल आणि सहा महिन्यांची रोकड दोन्ही घरांसाठी वेगवेगळी उरत असेल, तर दलालाला फोन करायला हरकत नाही.